साहेबांनी सांगितले म्हणून

रविवारच्या मिस्सानंतर आम्ही दोघे-तिघे आळीपाळीने आजारी आणि वृद्ध धर्मबांधवांच्या घरी जात असतो. जाऊन फार काही करतो असे नाही. वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानात जायचे आणि मुख्य म्हणजे ऐकायचे. कर्जतच्या एका घरी मात्र हे ऐकणे जड जाते. तिथले काका ऐंशीच्या घरात आहेत. तीस-बत्तीस वर्षे ते सकाळची खोपोलीची गाडी पकडून एका कारखान्यात कामाला गेले. आधी गेटवर होते, मग मुकादम झाले आणि पुढे मालकांचा 'आपला माणूस' झाले. एका वर्षी कारखान्यात संप झाला. घोषणा कोण देतो, कोणाच्या घरी बैठक बसते, वर्गणी कोण गोळा करतो, याची यादी काका रोज संध्याकाळी मालकांच्या केबिनमध्ये नेऊन देत. संप मोडला. यादीतल्या बऱ्याच जणांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. त्यांतला एक काकांच्याच चाळीत, दोन दारे सोडून राहत होता.

पुढे मालक वारले. मुलांनी कारखाना विकला. नव्या व्यवस्थापनात काकांना कोणी ओळखत नव्हते. एक दिवस गेटवरच्या नव्या पोऱ्याने त्यांना ओळखपत्र विचारले. ही गोष्ट सांगताना काका आजही मध्येच थांबतात. "साहेब असते तर..." हे वाक्य तर दर भेटीत एकदा तरी येतेच. गेल्या पावसाळ्यात त्यांनी आम्हाला सरळ विचारले, "मी माझ्यासाठी काय केलं, सांगा. एक पैसा जास्त घेतला नाही. साहेबांनी सांगितलं म्हणून केलं. मग आता रात्री झोप का येत नाही?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. परत येताना रिक्षात आमच्यापैकी एकाने, ज्याचे गाव चौक आहे त्याने, नेताजी पालकरांचे नाव काढले. त्यानंतर कित्येक दिवस आमच्यात तोच विषय चालला होता. त्यातले थोडे वाचकांपुढे ठेवतो.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेलहून खोपोलीकडे निघाले की चौक लागते. डाव्या हाताला इर्शाळगडाचा सुळका दिसतो, त्याच्या मागे प्रबळगड. २०२३ च्या जुलै महिन्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हापासून चौकचे नाव बाहेरच्यांना त्या दुःखामुळे माहीत झाले. आम्हा खालापूर-कर्जतकरांना मात्र ते लहानपणापासून माहीत आहे ते नेताजी पालकरांचे जन्मगाव म्हणून.

नेताजी हे शिवाजी महाराजांच्या घोडदळाचे सरनोबत. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखान पडला, तेव्हा खानाच्या फौजेवर तुटून पडणाऱ्यांत ते होते. त्यानंतर विजापूरच्या मुलखात त्यांचे घोडे थेट राजधानीच्या आसपासपर्यंत दौडले. १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर अडकले असताना बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न त्यांनी केला. तो जमला नाही, पण प्रयत्न करणारे तेच. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग पुरंदरला वेढा घालून बसले, तेव्हा मोगली मुलखात घुसून त्यांना सतावणारेही तेच. लोक त्यांना 'प्रतिशिवाजी' म्हणू लागले.

इथे जरा थांबायला हवे. शाळेच्या पुस्तकात 'स्वारी' हा शब्द वाचताना आपल्या डोळ्यांपुढे भगवे निशाण आणि दौडते घोडे येतात. ज्या गावावर स्वारी येई त्या गावाला मात्र स्वारी म्हणजे खंडणी. खंडणी मिळाली नाही तर लूट. आणि लुटीनंतर पुष्कळदा आग. त्या काळच्या सगळ्याच फौजा हे करीत. पुरंदरच्या वेढ्याच्या वेळी मोगलांनी आपल्याकडची गावेच्या गावे जाळली, हेही विसरू नये. पण शत्रूच्या मुलखातला कुणबी हाही कुणबीच होता. त्याची कणगी रिकामी करताना घोडेस्वाराच्या मनात काय येत असेल? बहुधा काहीच नाही. धन्याचा हुकूम आहे, तो योग्यच असणार, एवढे त्याला पुरे होते.

आणि धनी खरोखरच जाणता होता. याची एक खूण आपल्याच तालुक्यात आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखान मोठी फौज घेऊन घाट उतरला आणि उंबरखिंडीत कोंडला गेला. दोन्ही बाजूंनी डोंगर, दाट जंगल, पाणी नाही. मनात आणले असते तर त्या दिवशी सगळी फौज कापून काढता आली असती. खानाबरोबर रायबागन नावाची शहाणी सरदारीण होती. तिच्या सल्ल्याने खान शरण आला. महाराजांनी खंडणी घेतली, सामान ठेवून घेतले आणि माणसांना जिवंत जाऊ दिले. चावणी गावाजवळ स्मारक आहे, खोपोली-पालीच्या बाजूला कधी गेलात तर पाहून या. विजयाची स्मारके पुष्कळ असतात. हात कुठे आवरला गेला हे दाखवणारी जागा क्वचितच सापडते.

सैनिकाचा हात आपोआप थांबत नाही, हे महाराजांना पक्के ठाऊक होते. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना त्यांनी १६७० च्या दशकात लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. कुणब्याच्या घरचे धान्य, भाकर, गवत, भाजी काहीही जबरदस्तीने घेऊ नका, तसे कराल तर लोक तुमच्यापेक्षा मोगल बरे म्हणतील, असा त्याचा आशय. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, हेसुद्धा त्यात आहे. इतके बारीक ज्याला लिहावे लागते, त्याला माहीत असते की त्याच्या माणसांचा विवेक त्याच्याच पागोट्याखाली आहे. तो दूर गेला की छावणीत उंदरापासून माणसापर्यंत कोणीही आग लावू शकतो.

असा धनी लाभला तर सैनिकाचे भाग्यच. अडचण पुढे येते.

१६ जानेवारी १६६६. पुरंदरचा तह झालेला, तेवीस किल्ले गेलेले, आणि महाराज मोगलांच्या बाजूने विजापूरशी लढत होते. पन्हाळ्यावर रात्री हल्ला झाला. तो फसला आणि सुमारे हजार माणसे पडली. नेताजी वेळेवर पोहोचले नाहीत. महाराजांनी त्यांना कठोर शब्दांत जाब विचारला आणि सरनोबतीवरून दूर केले. हजार माणसे म्हणजे हजार घरे, हे लक्षात घेतले तर महाराजांचा राग समजतो. आणि इतक्या वर्षांची चाकरी एका उशिरामुळे पुसली गेली, हे लक्षात घेतले तर नेताजींचे दुखणेही समजते.

त्यानंतरचे वाचताना मात्र गुदमरायला होते. नेताजी आधी विजापूरकरांकडे गेले. दोन-तीन महिन्यांतच मिर्झाराजांनी त्यांना मोठी मनसब देऊन मोगलांकडे वळवले. त्याच वर्षी १७ ऑगस्टला महाराज आग्र्याहून निसटले आणि बादशहाने नेताजींना कैद करायचा हुकूम सोडला. हा माणूस धन्याकडे परत धावेल, अशी त्याला भीती वाटली असावी. म्हणजे नेताजींचे मन कुठे आहे हे शत्रूलाही कळत होते. त्यांना उत्तरेत नेले. १६६७ मध्ये त्यांचे धर्मांतर करून महंमद कुली खान असे नाव दिले आणि काबूलच्या बाजूला चाकरीवर पाठवले. कैद्याच्या मानेवर सुरी ठेवून जे वदवून घेतले जाते त्याला श्रद्धा म्हणत नाहीत, मग धर्म कोणताही असो. तेव्हा त्या धर्मांतराबद्दल नेताजींना बोल लावायचा आम्हाला अधिकार नाही. आम्हाला बोचते ते दुसरेच. विजापूर, मोगल, काबूल: तलवार तीच, हात तोच, घोड्यावरची मांड तीच. निशाण फक्त बदलत गेले. चांगल्या तलवारीला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही.

त्यांची नावेही पाहा. 'प्रतिशिवाजी' हे नाव लोकांनी कौतुकाने दिले, पण त्या कौतुकात हा माणूस स्वतः कोण, याचे उत्तर नाही. दुसऱ्याची प्रत, एवढेच त्यात आहे. मूळ दूर गेल्यावर प्रतीने काय करायचे? मग दुसऱ्या धन्याने दुसरे नाव दिले, आणि तेही त्यांनी नऊ वर्षे वागवले.

कोणी म्हणेल, नेताजी रागावून गेले म्हणून हे झाले. निष्ठा पक्की असती तर झाले नसते. पण त्यांच्या जागी आलेल्यांची निष्ठा तर वादातीत होती. कडतोजी गुजर यांना सरनोबती मिळाली आणि तिच्याबरोबर प्रतापराव हे नाव. १६७३ मध्ये उमराणीजवळ त्यांनी बहलोलखानाला पाण्यावाचून कोंडले. खान गयावया करू लागला, तेव्हा प्रतापरावांनी त्याला सोडून दिले. खान उलटला. महाराज संतापले, खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, असा निरोप त्यांनी पाठवला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळच्या खिंडीत प्रतापराव अवघे सहा स्वार बरोबर घेऊन खानाच्या सैन्यावर चालून गेले. सातही जण पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेने ते दृश्य घरोघर पोहोचवले आहे आणि ते ऐकताना आमचाही ऊर भरून येतो. तरी विचारावेसे वाटते: सेनापतीच्या मागे जी फौज होती, तिचे काय? ती सांभाळून पुढे नेली आनंदरावांनी, आणि आनंदरावांवर कोणी कविता केल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

उंबरखिंडीत धन्याने शरण आलेल्याला सोडले, ती मुत्सद्देगिरी ठरली. उमराणीला चाकराने शरण आलेल्याला सोडले, तो अपराध ठरला. राजकारणाच्या दृष्टीने महाराजांचे म्हणणे बरोबर होते. कारतलबखान परत आला नाही, बहलोलखान आला. पण प्रतापरावांच्या बाजूने पाहा. आयुष्यात एकदा त्यांनी हुकुमाची वाट न पाहता स्वतःच्या मनाने दया केली, आणि नेमकी तीच अंगाशी आली. मग त्यांनी ते मन बाजूला ठेवले आणि घोड्याला टाच मारली. धन्याची नाराजी एकाला शत्रूच्या छावणीत घेऊन गेली, दुसऱ्याला मरणाच्या खिंडीत. दोघांनाही ती नाराजी घेऊन चार दिवस नुसते जगता आले नाही.

पवित्र शास्त्रात याच जातीचा एक माणूस आहे, दावीद राजाचा सेनापती यवाब. त्याच्याइतका निष्ठावान आणि त्याच्याइतका निर्दय सेवक शोधून सापडणार नाही. अबनेरला त्याने वेशीपाशी बाजूला बोलावून मारले. अमासाची दाढी धरून, मुका घेण्याच्या निमित्ताने, पोटात तलवार खुपसली. अबशालोमला सांभाळून घ्या, असे बापाने सर्वांदेखत सांगितले असताना झाडाला लटकलेल्या त्या पोराच्या छातीत भाले घातले, आणि वर रडणाऱ्या राजालाच खडसावले. हे सगळे राजाच्या भल्यासाठी! पण उरीयाची गोष्ट आठवा. त्याला लढाईच्या तोंडी पुढे उभा करा आणि मागे सरा, असे पत्र राजाने धाडले, तेही उरीयाच्याच हाती. यवाबाने का म्हणून विचारले नाही. असा न विचारणारा माणूस हाताशी असणे राजाला त्या दिवशी किती सोयीचे झाले! आणि तोच राजा मरणशय्येवर मुलाला सांगून गेला की यवाबाला सुखाने मरू देऊ नकोस. धन्याच्या म्हातारपणी यवाबाने भलत्याच राजपुत्राची बाजू धरली होती. शेवटी तो देवाच्या मंडपात पळाला, वेदीची शिंगे धरून उभा राहिला आणि तिथेच मारला गेला.

यवाबाबद्दल आम्हाला कळवळा वाटतो असे नाही. पण दावीदाबद्दलही त्या प्रसंगी आदर वाटत नाही. जे काम आपल्या हाताने करवत नाही, ते करणारा माणूस आपण पाळतो, आणि वेळ आली की त्याच्या हाताला रक्त आहे म्हणून त्याला दूर करतो. हे फक्त राजेच करतात का? जमिनीचे व्यवहार वाढल्यापासून आपल्या कर्जत-खालापुरात कोणाच्या तरी 'भाऊ'साठी कुंपणे उखडणारी, वाट अडवून उभी राहणारी पोरे आपण पाहतो. भाऊ उद्या पक्ष बदलतो, परवा समेट करतो, तेरवा मुंबईला राहायला जातो. पोराच्या नावावर पोलीस केस तेवढी राहते. त्या पोराला आपण गुंड म्हणतो आणि भाऊला लग्नाची पत्रिका नेऊन देतो.

खाल्ल्या मिठाला जागणे हा सद्गुण आहे, हे आम्ही नाकारत नाही. ज्या समाजात कोणीच कोणाचा विश्वासू नाही तिथे एक दिवसही राहवणार नाही. लष्कर, कारखाना, धर्मग्राम, काहीही आज्ञापालनाशिवाय चालत नाही. पण हात धन्याला देता येतो, वेळ देता येतो, प्रसंगी प्राणही देता येतो; सद्सद्विवेकबुद्धी देता येत नाही. दिली असे वाटते, पण ती आपल्याकडेच राहते आणि धनी गेल्यावर रात्री जागी होते. १९४५-४६ च्या न्यूरेंबर्गच्या खटल्यातही नियम असाच ठरला होता: वरिष्ठांचा हुकूम होता एवढ्याने जबाबदारी सुटत नाही, शिक्षेत सूट मिळावी की नाही याचा विचार तेवढा होऊ शकतो. काकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर बहुधा यातच आहे. झोप येत नाही, कारण उरलेला मालक आता ते स्वतःच आहेत.

अर्धे उत्तर म्हणतो, कारण नेताजींची गोष्ट काबूलला संपत नाही. १६७६ मध्ये ते दिलेरखानाबरोबर दक्षिणेत आले, मोगली छावणीतून निसटले आणि महाराजांकडे परतले. १९ जून १६७६ रोजी प्रायश्चित्त देऊन त्यांना स्वधर्मात घेण्यात आले. त्या काळी समाजात हे सोपे नव्हते, महाराजांनी ते घडवून आणले. सरनोबती तेव्हा हंबीरराव मोहित्यांकडे होती, आणि ती त्यांच्याकडेच राहिली. आम्ही तो प्रसंग पुन्हा पुन्हा मनात आणून पाहतो. दहा वर्षांनी दोघे समोरासमोर. एकाने कठोर शब्द बोललेला, दुसऱ्याने शत्रूचे मीठ खाल्लेले. हाती सांगायला विजय नाही, मागायला हुद्दा नाही. तरी दार उघडले गेले. नेताजी धन्यापुढे काहीही कामगिरी न घेता उभे राहिले, अशी बहुधा ही पहिलीच वेळ.

पेत्राची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. बागेत तलवार उपसून मल्खाचा कान तोडणारा तोच, आणि गुरूला धरून नेल्यावर काही तासांतच, शेकोटीपाशी, मी त्याला ओळखत नाही म्हणणाराही तोच. पुढे सरोवराच्या काठी त्याला तीनदा विचारले गेले. पुन्हा लढशील का, असे नाही. माझ्यावर प्रेम आहे का, एवढेच.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा कर्जतला गेलो. हे सगळे पुराण काकांना सांगितले नाही, नेताजींचे तेवढे सांगितले. ते त्यांना शाळेपासून माहीत होते, काबूलचे मात्र माहीत नव्हते. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, दोन दारे पलीकडचा तो शेजारी वारला, पण वहिनी अजून तिथेच असते. चाळीच्या नळावर इतकी वर्षे दोन्ही घरांतली माणसे एकमेकांची बादली भरेपर्यंत गप्प उभी राहतात. आम्ही म्हटले, "काका, पुढच्या रविवारी आम्ही तुमच्याबरोबर येतो."

"या. पण जाऊन सांगू काय? साहेबांनी सांगितलं म्हणून केलं, असं सांगू?"

"तेवढं सोडून बाकीचं सगळं सांगा."

काका हसले. "मग उरतं काय?" म्हणाले. आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्यांनीच उत्तर दिले, "यादी मी केली, एवढंच उरतं."